बंब परत येईपर्यंत

खडकी,
२४ ऑगस्ट २०२५

श्यामदादा, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. त्यातलं दीड पान शेजारच्यांच्या मांजरावर होतं, त्यावरून तब्येत उत्तम असावी असं समजते.

आता बातमी. आपल्या श्रद्धाचं लग्न ठरलं. मुलगा दिग्विजय, लोणी काळभोरचा, तिच्याच ऑफिसात आहे. शांत आहे आणि जेवल्यावर आपलं ताट उचलून ठेवतो. मला पसंत पडला. तुला विचारलं नाही, कारण तुझ्याशी मी बोलत नाही. तारीख तीस नोव्हेंबर.

का बोलत नाही ते पुन्हा लिहून ठेवते, म्हणजे तुला सोयीस्कर विसर पडायला नको. आईचा तांब्याचा बंब, ज्याच्या पाण्यानं आपण दोघं लहानाचे मोठे झालो, तो तू गॅसचा गीझर बसवताना अडगळ म्हणून भंगारवाल्याला किलोवर घातलास. मला एका शब्दानं न विचारता. मग आपला मावसभाऊ अवधूत, त्याच्या मुलाच्या मुंजीत, भर पंगतीत मी सांगितलं, 'तो बंब परत येईपर्यंत मी दादाशी बोलणार नाही.' त्यावर तू जिलबी मोडत म्हणालास, 'बरं झालं, कानांना विश्रांती.' या गोष्टीला दोन वर्षं झाली. लिहिणार नाही असं मी म्हटलं नव्हतं, म्हणून हा पत्रव्यवहार चालू आहे.

पण लग्नाचं काय करायचं? 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' असं गुरुजी माइकवरून ओरडतील, तेव्हा तिच्या शेजारी तूच असायला हवास. माझ्याशी बोलायची गरज नाही. मुकाट्यानं ये, मुलीला मांडवात आण, जेव आणि जा. पत्रिका पोस्टानं पाठवते.

बाकी माझं छान चाललंय. हल्ली रविवारी सकाळी मी जुन्या बाजारात असते. का, ते तुला कळलं की नाक मुरडशील, म्हणून पुढच्या पत्रात.

तुझी
वासंती


नारायण पेठ,
३० ऑगस्ट २०२५

चि. वासंतीस आशीर्वाद. श्रद्धाला त्याहून जास्त.

श्रद्धाचं ठरलं हे वाचून इतका आनंद झाला की खाली जाऊन पेढे घेऊन आलो. घरी आल्यावर लक्षात आलं की वाटायला माणूस नाही. थोडे वरच्या खोलीतल्या भाडेकरूला, संभाजीला दिले. तो अकोल्याकडचा आहे, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून परदेशातल्या लोकांशी बोलतो आणि माझ्याशी बोलताना मात्र लाजतो. उरलेले पेढे मी खातो आहे. साखर वाढली तर ती तुझ्यामुळे.

पत्रिका पाठवू नकोस. पोस्टानं आलेल्या पत्रिकेवर ऑफिसातले लोक जातात, मामा जात नाही. सख्ख्या बहिणीनं दारात यायचं, हातावर अक्षता ठेवायच्या आणि तोंडानं 'दादा, लग्नाला यायचं' असं म्हणायचं, ही आपल्या घरातली रीत. तुझ्या लग्नाला आईनं मामाला तसंच बोलावलं होतं. अंगात ताप असताना मामा आला होता. तू अक्षता घेऊन येऊन नुसत्या खाणाखुणा करणार असशील, तर तसदी घेऊ नये. दार उघडलं जाणार नाही.

म्हणजे बंब आल्याशिवाय तू बोलणार नाहीस आणि तू बोलल्याशिवाय मी येणार नाही. आपल्या घराण्याला शोभेल असंच आहे हे.

एक दुरुस्ती. मी बंबाला अडगळ म्हटलं नव्हतं. धूड म्हटलं होतं. आणि तो गळत होता.

जाता जाता सहज विचारतो. त्या बंबाला कुठेतरी पोचा होता ना? नेमका कुठे? काल जेवताना आठवत बसलो होतो, आठवेना. विशेष काही कारण नाही.

श्याम


खडकी,
९ सप्टेंबर २०२५

श्यामदादा, सा. न. वि. वि.

गणपतीत उत्तर द्यायला फुरसत झाली नाही. तुझा हट्ट श्रद्धाला वाचून दाखवला. ती म्हणाली, 'मामा नसेल तर मी एकटी चालत येईन आणि गुरुजींच्या हातातून माइक घेऊन सगळ्यांना बंबाची गोष्ट सांगेन.' तिचा स्वभाव कुणावर गेलाय ते आपण दोघं जाणतो. तिच्या सासूबाई, तुळजाबाई, परवा आल्या होत्या. बाई मोकळ्या मनाच्या आहेत. आल्या आल्या विचारलं, 'मामा कुठं हायेत पोरीचे? मामाबिगर लगीन कसं लागायचं?' मी म्हटलं, कामात आहेत. निवृत्त माणसाला काय काम, असं त्यांनी विचारलं नाही, हे नशीब.

आता जुना बाजार. तू बंब विकलास त्याच्या पुढच्याच रविवारी मी तिथे गेले होते. वाटलं, किलोवर गेलेली वस्तू फिरून फिरून तिथेच येणार. आईचा बंब मिळाला नाही, पण दुसराच एक मिळाला, काळाकुट्ट. घरी आणून चिंचेनं घासला तर आतून असं तांबं निघालं की बघत राहावं. वरच्या मजल्यावरच्या मुलीनं फोटो काढून फोनवर टाकला आणि बाणेरच्या एका बाईंनी तो मनी प्लँट लावायला नेला. बंबात मनी प्लँट! मग मला गोडीच लागली. आता माझ्याकडून अडकित्ते जातात, पानाचे डबे जातात, समया जातात. फोनवर कुठल्या नावानं विकते ते सांगणार नाही. तू सगळ्या नातेवाइकांत दवंडी पिटशील.

तिथे एक सुखदेव म्हणून पथारीवाला आहे, तोच माझा गुरू. आता तो मला घाबरतो. मी पर्समध्ये लोहचुंबक ठेवते. वस्तूला चिकटलं की आत लोखंड आणि वरून नुसता मुलामा. आणि जी वस्तू हवी असते तिच्याकडे मी बघतच नाही. तिच्या शेजारच्या वस्तूवर हुज्जत घालते, ती परवडत नाही म्हणून तोंड पाडते आणि 'मग निदान हे तरी दे' म्हणून हवी ती उचलते. सुखदेव म्हणतो, 'मावशी, तुम्ही शाळेत पोरांना हेच शिकवत होता काय?'

दोन वर्षांत कितीतरी बंब हाताखालून गेले. आईचा मात्र नाही.

पोचा तोटीच्या डाव्या बाजूला होता, खाली. तूच पाडलास. भाड्यानं आणलेली सायकल आईपासून लपवायला न्हाणीघरात उभी केलीस आणि ती बंबावर आडवी झाली. पेडल लागलं. मार मात्र मी खाल्ला, कारण तू सायकल घेऊन पळालास.

तू का विचारलंस ते मी विचारत नाही. विशेष काही कारण नसेलच.

तुझी
वासंती


नारायण पेठ,
१६ सप्टेंबर २०२५

चि. वासंतीस आशीर्वाद.

अठ्ठावीस वर्षं मुलांना व्याकरण शिकवलेली बाई पथारीवाल्यासमोर उकिडवी बसून तोंड पाडते, हे वाचून आईबाबा जिथे असतील तिथे एकमेकांकडे बघत असतील. मी नाक मुरडलेलं नाही. फक्त चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचलं.

तुझं वाचून मीही बुधवारी जुन्या बाजारात एक चक्कर टाकली. एका इसमानं मला ब्रिटिशांच्या काळातलं होकायंत्र दिलं. घरी येऊन पाहतो तर त्यातली सुई कुठेही उभं राहिलं तरी माझ्याकडेच बघते. बहुधा उत्तर मीच आहे. त्या बाजारात पुन्हा पाऊल टाकणार नाही.

पण तुला कळवण्यासारखी एक गोष्ट आहे. मी आईच्या बंबाचा शोध सुरू केला आहे. हसू नकोस. बँकेत असताना मी लोकांच्या बुडालेल्या कर्जांचा माग काढत असे, एक बंब म्हणजे काय मोठं? ज्या भंगारवाल्याला तो दिला, त्याचा ठावठिकाणा लागला आहे. पुढचे धागेदोरे जुळत आहेत. सविस्तर लिहीत नाही, कारण काम नाजूक आहे.

सायकलीचं मला अजिबात आठवत नाही. मार तू खाल्ला असशील तर त्याला दुसरं काहीतरी कारण असणार. तुला कारणांची कधी वानवा नव्हती.

श्याम


खडकी,
२५ सप्टेंबर २०२५

श्यामदादा, सा. न. वि. वि.

तू शोध घेतो आहेस हे वाचून मला रात्री दोन घास जास्त गेले. खरंच सांगते.

तुला हसायला एक किस्सा लिहिते. मागच्या आठवड्यात आम्हांला फोनवर एक नमुनेदार गिऱ्हाईक भेटलं. त्याला घंगाळ हवं होतं. आम्ही किंमत अंमळ चढवूनच सांगतो, कारण पुण्यात घासाघीस केल्याशिवाय माणसाला वस्तू घेतल्यासारखं वाटत नाही. यानं घासाघीस केलीच नाही. उलट विचारलं, 'पोचा आहे का?' वरची मुलगी बिचारी सांगत बसली, नाही हो, अगदी गुळगुळीत आहे. तर तो म्हणे, 'मग अडचण आहे. पोचा पाडून मिळेल का?'

दादा, मी इतकी हसले की मला पाणी द्यावं लागलं. मग खलबत्त्यातला बत्ता घेतला, त्याला फडकं गुंडाळलं आणि अंगणात बसून त्याला हवा तसा, हवा तिथे पोचा घातला. चांगला खोल. पोच्याचे पैसे वेगळे लावले. तेही त्यानं दिले! मुलीनं शिवाजीनगरला नेऊन वस्तू त्याच्या माणसाच्या हवाली केली. असा बावळट माणूस पुण्यात राहतो कसा, याचं मला नवल वाटतं. तुला काय वाटतं?

तुझे धागेदोरे कुठपर्यंत जुळले? लग्नाच्या आधी जुळतील असं बघ.

तुझी
वासंती


नारायण पेठ,
६ ऑक्टोबर २०२५

चि. वासंतीस आशीर्वाद.

बंब सापडला.

बसून वाच. ज्या भंगारवाल्याला मी तो दिला, त्यानं तो मोडीत न घालता मंगळवार पेठेतल्या एकाला दिला होता. त्यानं तो सोलापूर रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्याला विकला. ढाबा बुडाला. तिथून तो उत्तरेश्वर नावाच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात गेला. हा गृहस्थ लोणी काळभोरच्या पलीकडे राहतो. मी स्वतः तिथे गेलो. बघतो तर आपल्या आईच्या बंबातून दोन म्हशी पाणी पीत होत्या! मला भरून आलं. मी म्हणालो, 'हा माझ्या आईचा बंब आहे.' तो म्हणाला, 'तुमच्या आईचा हाय तर मग आमचा कसा म्हणायचा? न्या.' पैसेही घेईना. असे लोक आहेत अजून.

पोचा आहे, तोटीच्या डाव्या बाजूला, खाली. आईचं नाव आहे, 'सौ. यमुनाबाई विष्णुपंत, नारायण पेठ, पुणे'. अक्षरं वाचताना बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. सोबत संभाजीच्या हस्ते रिक्षातून पाठवतो आहे. त्याला चहा दे, म्हणजे तुझ्याशी दोन शब्द बोलेल.

तुझ्या त्या घंगाळवाल्याविषयी वाचलं. दुसऱ्याला बावळट म्हणायची इतकी घाई बरी नव्हे. त्या गरिबाची काहीतरी अडचण असेल. आणि पोच्याचे वेगळे पैसे घेणं मला मुळीच पटलेलं नाही.

आता शपथ सुटली. मी दारावर तोरण लावून ठेवलं आहे. अक्षता घेऊन कधी येतेस?

श्याम


खडकी,
१३ ऑक्टोबर २०२५

श्यामदादा, सा. न. वि. वि.

बंब मिळाला. संभाजी गुणी मुलगा आहे. चहा घेतला, पोहे खाल्ले आणि बराच वेळ बोलला. वरची मुलगीही खाली आली होती.

तुझी हकीकत वाचून डोळे भरून आले. फक्त माझं मन शंकेखोर, म्हणून थोडं विचारते. म्हशी त्यातून रोज पाणी पीत होत्या, तर आतली कल्हई इतकी ताजी कशी? तुझ्या उत्तरेश्वराकडे चिंचेचं झाड आहे का? कारण बंब घासलेला आहे, आणि तोही अगदी माझ्यासारखा, खालून वर. गोठ्यातली माणसं एवढी टापटिपीची असतात हे मला माहीत नव्हतं.

आणि हो, त्यांचा पत्ता कळव. लोणी म्हणजे आमच्या व्याह्यांचं गाव. दिग्विजयला पाठवून त्यांना शालश्रीफळ देते. दिवाळी तोंडावर आलीच आहे.

तुझी
वासंती


नारायण पेठ,
१७ ऑक्टोबर २०२५

चि. वासंतीस आशीर्वाद.

उत्तरेश्वर आता तिथे राहत नाही. मी जाऊन आलो त्याच आठवड्यात त्यानं म्हशी विकल्या आणि मुलाकडे गेला. मुलाचं गाव त्यानं सांगितलं नाही. दिग्विजयला उन्हातान्हात पाठवू नकोस. कल्हई चांगल्या प्रतीची असेल तर टिकते. चिंचेविषयी मला माहिती नाही.

वासंती, आता प्रश्न पुरे कर. बंब हवा होता, तो आला. तुझी नलिनीवहिनी गेल्यापासून या दारात कुणी अक्षता घेऊन आलेलं नाही. आमंत्रणं फोनवर येतात, चित्रातली फुलं हलतात आणि आपण खाली अंगठा दाबायचा. श्रद्धा एवढीशी होती तेव्हा मी तिला खांद्यावर बसवून लक्ष्मी रोडवरून मिरवणूक दाखवत असे. तिला मांडवात आणायला मला यायचं आहे. कोट इस्त्रीला देऊन ठेवला आहे. अजून काय लिहू?

श्याम


खडकी,
२७ ऑक्टोबर २०२५

श्यामदादा, सा. न. वि. वि.

दिवाळीत तुला गोड तोंडानं राहू दिलं. आता वाच.

पहिलं म्हणजे, बंब खोटा आहे. तू आणि मी त्यातल्या पाण्यानं वीस वर्षं अंघोळ केली, पण तो एकदा तरी घासलास का? दर शनिवारी न्हाणीघरात पाटावर बसून तो मी घासायची आणि घासता घासता आई माझ्याकडून पाढे म्हणून घ्यायची. म्हणून त्याच्यावर काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे आणि तुला कधी दिसलंच नाही. बाबांचं नाव त्यावर नव्हतंच. बंब आईच्या माहेरचा. त्यावर होतं, 'चि. यमुना हिस तात्यांकडून, वाई'. तेही टाकी-हातोडीनं ठोकून घातलेलं. तुझ्या बंबावरचं नाव विजेच्या यंत्रानं घातलंय, ठिपक्याठिपक्यांचं. तुळशीबागेत उभ्या उभ्या घालून मिळतं तसं. असली नावं ओळखण्यावर तर माझा धंदा चालतो.

दुसरं. तो बंब मीच तुला विकला. माझ्या पत्रातलं घंगाळ हे घंगाळ नव्हतं. वरची मुलगी, रुपाली, तिच्याच नावानं आम्ही विकतो. संभाजी नावाच्या माणसानं 'तोटीच्या डाव्या बाजूला, खाली' असा पोचा मागितला, तेव्हा मी हातातली समई खाली ठेवली आणि तशीच बसून राहिले. ती जागा जगात दोनच माणसांना माहीत होती, आणि त्यातल्या एकाला मीच ती आठ-दहा दिवसांपूर्वी कळवली होती. मग पोचा घातला. हसले ते खरं. त्याआधी रडले ते लिहिलं नव्हतं. संभाजी बंब घेऊन दारात आला आणि रुपालीनं त्याला बघून 'अहो, तुम्ही?' म्हटलं, तेव्हा त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तुला काही सांगायचं नाही, अशी मी त्याला पोह्यांची शपथ घातली. त्याच्यावर रागावू नकोस.

पैसे परत मिळणार नाहीत. पोच्याचे तर नाहीच नाही. ती शिक्षा समज.

तिसरं लिहायला मला जड जातंय. आईचा खरा बंब मला मार्चमध्येच सापडला. सुखदेवच्याच पथारीवर, फुटक्या पंख्यांच्या मागे. त्या दिवशी मी शेजारच्या वस्तूवर हुज्जत घातली नाही. त्यानं मागितले ते दिले आणि रिक्षात तो मांडीवर घेऊन बसले. तेव्हापासून तो माझ्या मागच्या अंगणात आहे. यंदा नरकचतुर्दशीला त्याच्यातच पाणी तापवलं.

मग बोलले का नाही? कारण बंब मिळाला तरी माझा राग गेला नव्हता. बंब गेल्याचं मला दुःख होतं, पण तो गेल्याचं तुला काहीच वाटलं नाही, हे जास्त लागलं होतं. मला वाटायचं, हा एकदा तरी शोधायला निघेल. एकदा तरी विचारेल. आणि मग तू ते पोच्याचं विचारलंस. त्याच दिवशी माझा राग गेला, दादा. पुढचं सगळं मी केवळ मजा म्हणून केलं.

येत्या रविवारी अक्षता घेऊन येते. जुन्या बाजाराला सुट्टी. तुझा खोटा बंब सोबत आणते, तो तुझ्याकडेच राहू दे. तू माझ्यासाठी एवढं खोटं बोललास, त्यावर बाबांचं नाव घातलंस, म्हणून मला तो खऱ्याच्या खालोखाल प्रिय झालाय. पुन्हा किलोवर घातलास तर याद राख.

तुझी
वासंती


नारायण पेठ,
३० ऑक्टोबर २०२५

वासंती,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. सविस्तर उत्तर देण्याच्या मनःस्थितीत नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता घरी आहे. साबुदाण्याची खिचडी करतो. संभाजीची हजेरी घेतली आहे, तो गॅलरीत उभा राहून विचार करतो आहे.

टाकीनं घातलेलं नाव मला एकदा बघायचं आहे.

श्याम


नारायण पेठ,
१५ डिसेंबर २०२५

चि. वासंतीस आशीर्वाद.

तू म्हणशील, आता रोज फोनवर बोलतो तरी पत्र कशाला? तेच लिहायला बसलो आहे.

दोन वर्षांनी बहीण दारात उभी राहिली तेव्हा ती पहिलं वाक्य काय बोलते याची मला फार उत्सुकता होती. तू म्हणालीस, 'दादा, तोरण उलटं लावलंयस.' मग अक्षता ठेवल्यास, मग 'लग्नाला यायचं' म्हणालीस, आणि मग दाण्याचं कूट कमी पडलंय म्हणत दोनदा खिचडी घेतलीस.

श्रद्धाला मांडवात आणताना तिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की कोटाला चुण्या पडल्या. तो कोट मी पुन्हा इस्त्रीला दिलेला नाही. तुळजाबाईंनी मला विचारलं, 'मामा, एवढे दिवस कुठल्या कामात होता?' मी म्हटलं, म्हशी शोधत होतो. तुझ्या अंगणात खऱ्या बंबावरून हात फिरवला तेव्हा ती 'तात्यांकडून' अक्षरं बोटांना लागली. एवढी वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून नुसता अंग पुसत उभा होतो, याचं मला वाईट वाटलं. हे तुझ्यासमोर म्हणालो नाही. पत्रात म्हणतो.

आणि हाच मुद्दा आहे. लग्न झाल्यापासून तू रोज फोन करतेस. 'जेवलास का? गोळी घेतलीस का? पंखा बंद करून झोप.' मी म्हणतो हो, हो, बरं. झालं, संपलं. ही बहीण मला नको आहे, हिच्यासारख्या चौकशा औषधवालाही करतो. बत्त्याला फडकं गुंडाळून बंबाला पोचा घालणारी, मला बावळट म्हणणारी आणि खोटंनाटं लिहून माझी खोड मोडणारी जी बाई दर पंधरा दिवसांनी पाकिटातून येत असे, ती कुठे गेली? अबोला होता तेव्हा आपण जास्त बोलत होतो. पोस्टमनही परवा विचारत होता, 'काका, ताई बऱ्या आहेत ना?'

तेव्हा पुढील गोष्टीची नोंद घ्यावी. काल रविवारी मी संभाजीला घेऊन जुन्या बाजारात गेलो आणि बाबांचं नाव घातलेला तो खोटा बंब विकून टाकला. किलोवर नाही, नगावर. मीही आता शिकलो आहे. तुला न विचारता विकला आहे. कुणाला ते सांगणार नाही, पण तुझ्या गुरूच्या पथारीपासून फार लांब नाही.

आता तुझी पाळी. तो परत मिळेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलू नकोस. फोन आला तरी मी उचलणार नाही. येत्या रविवारी सकाळी मी त्याच बाजारात माझ्या होकायंत्राला गिऱ्हाईक बघत उभा असेन. दिसलो तर ओळख दाखवू नकोस, शेजारच्या वस्तूवर हुज्जत घाल.

आणि घरी गेलीस की सगळं नीट लिहून कळव.

तुझा
श्यामदादा